चुकलेली उत्तरं आम्हाला परत द्या

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या शाळेत आठवीचा विज्ञानाचा तास बदलतो. पाठ्यपुस्तक दप्तरात जातं, प्रयोगशाळेला कुलूप लागतं आणि बाकांवर सराव संच येतात. डिसेंबरात एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा असते ना. मग शाळा भरण्याआधी एक जादा तास, शनिवारी दुपारी सराव पेपर आणि सोमवारी उत्तरसूची. ‘एकचं क, दोनचं अ, तीनचं क, चारचं ड.’ मी फळ्यासमोर उभी राहून वाचायची, मुलं शेजाऱ्याचा पेपर तपासायची, बेरीज व्हायची आणि पुढचा संच उघडायचा. आठवीला विज्ञान शिकवायला लागून मला चौदा वर्षं झाली. त्यातली पहिली आठ-नऊ वर्षं मी असाच सराव घेतला. आता घेत नाही. का घेत नाही ते सांगायला हा लेख लिहिते आहे, आणि परीक्षा घेणाऱ्यांकडे एक मागणीही आहे.

आधी ही परीक्षा कोणासाठी असते ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं बोलणं हवेतलं होईल. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती असं तिचं पूर्ण नाव. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि मूल सरकारी, नगरपालिका-जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत आठवीला हवं. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये. देशभरात वर्षाला 1 लाख शिष्यवृत्त्या, त्यातल्या 11,682 महाराष्ट्राच्या वाट्याला. दोन पेपर असतात, बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता. प्रत्येकात 90 प्रश्न आणि 90 मिनिटं. शालेय क्षमतेच्या पेपरात 35 प्रश्न विज्ञानाचे, सातवी-आठवीच्या अभ्यासक्रमावरचे, सगळे चार पर्यायांचे. महिन्याला हजार रुपये ही रक्कम शहरातल्या वाचकाला किरकोळ वाटेल. आमच्याकडे त्या हजारांवर एखाद्या मुलीचं दहावीनंतरचं शिक्षण अडलेलं किंवा सुटलेलं मी पाहिलं आहे. त्यामुळे सराव करून घेणं हे माझं कर्तव्यच आहे, त्यात मला शंका नाही.

बहुपर्यायी प्रश्न मुळातच वाईट, ते बंद करा आणि मुलांना लिहायला लावा, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. त्यांनी ‘शास्त्रीय कारणे लिहा’ हा प्रश्न जरा आठवून पाहावा. मी त्याच प्रश्नावर वाढले. ‘उन्हाळ्यात माठातील पाणी थंड का राहते?’ गाईडात तीन ओळींचं उत्तर होतं. माठाला सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांतून पाणी झिरपून त्याचे बाष्पीभवन होते, त्यासाठी लागणारी उष्णता माठातील पाण्याकडून घेतली जाते. तोंडपाठ केलं, पैकीच्या पैकी गुण घेतले. पण आमच्या स्वयंपाकघरातला तोच माठ पावसाळ्यात पाणी तितकं गार का करत नाही, हा प्रश्न मला बीएस्सीला गेल्यावर पडला. हवेत आधीच भरपूर बाष्प असलं की माठावरचं पाणी सावकाश वाळणार, हे त्या तीन ओळींतच दडलेलं होतं, पण मी त्या ओळी पाठ केल्या होत्या, समजून घेतल्या नव्हत्या. लिहून घेतलं म्हणजे समजलं असं काही नसतं. शिवाय राज्यभरातल्या मुलांचे लेखी पेपर तपासायचे म्हटलं तर तपासनीस बदलला की गुण बदलणार, आणि सुवाच्य अक्षराला चार गुण जास्त पडणार. दीड तासात दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातल्या सगळ्या कोपऱ्यांतून प्रश्न विचारण्याची सोयही लेखी परीक्षेत नाही.

माझं भांडण प्रश्नाच्या प्रकाराशी नाही, सरावाच्या रीतीशी आहे. बहुपर्यायी प्रश्नातलं शिकण्यासारखं बरंचसं त्याच्या तीन चुकीच्या पर्यायांत असतं. आणि सराव संच छापणारे, क्लास चालवणारे, परीक्षा घेणारे आणि माझ्यासारखे शिक्षक, आपण सगळे मिळून नेमकं तेच फेकून देतो.

मला हे एका मुलीमुळे कळलं. सोमवारची उत्तरसूची चालू होती. मी प्रश्न वाचत होते, ‘सरळ वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच बिंदूला पोचतो, त्या क्षणी...’ एवढंच झालं होतं, आणि ती म्हणाली, ‘मॅडम, ड.’ उत्तर ड होतं खरं. मी विचारलं, ‘ड मध्ये काय आहे?’ तिला सांगता येईना. आधीच्या कुठल्यातरी संचात हाच प्रश्न येऊन गेला होता, आणि त्यातलं एक अक्षर तेवढं तिच्यापाशी शिल्लक राहिलं होतं. वर्गातली हुशार मुलगी होती ती, सरावात पहिल्या तिघांत असायची. मला फार वाईट वाटलं, कारण ते अक्षर तिच्या डोक्यात मीच भरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तोच प्रश्न पर्यायांचा क्रम बदलून फळ्यावर लिहिला. हवेचा विरोध धरायचा नाही. चेंडू अगदी वर पोचल्या क्षणी त्याच्यावर कोणतं बल असतं? कोणतंच नाही, हाताने दिलेलं वरच्या दिशेचं, हाताचं आणि गुरुत्वाचं, दोन्ही सारखी, की फक्त गुरुत्वबल? बोलायचं नाही, हात वर करायचे. निम्म्याहून अधिक वर्ग ‘कोणतंच नाही’वर गेला. त्या खालोखाल ‘दोन्ही सारखी’. बरोबर उत्तराला इनमीन चार-पाच हात, त्यातले दोन इकडेतिकडे बघून वर झालेले. ‘बल व दाब’ हा धडा मी त्यांना ऑगस्टमध्ये मन लावून शिकवला होता, आणि सराव संचात हीच मुलं या प्रश्नाला गुण घेत होती.

मग मी उत्तर न सांगता विचारत गेले. एक मुलगा म्हणाला, ‘तो तिथं थांबलाय ना मॅडम, मग बल कसं असंल?’ हे त्याचं खरं मत होतं आणि त्यामागे विचार होता. थांबलेल्या वस्तूवर काहीच ओढ नसते असं त्याचं म्हणणं. ‘दोन्ही सारखी’वाल्या मुली त्याच्यापेक्षा एक पाऊल पुढे होत्या. खाली ओढणारं काहीतरी आहे हे त्यांना मान्य होतं, पण मग तो पडत का नाही, म्हणजे वरून कोणीतरी तितकंच धरून ठेवलं असणार. आणि हाताचं बल म्हणणाऱ्यांना वाटत होतं, की हाताने दिलेला जोर चेंडूत भरलेला असतो, वर जाताना तो संपत जातो. आपल्या भाषेतही तसंच आहे. चेंडूचा जोर संपला, गाडीचा जोर ओसरला, असं आपण रोज म्हणतो. हा रोजच्या बोलण्यातला जोर म्हणजे बल नाही, ऊर्जाही नाही, संवेगही नाही. तिन्हींची त्यात सरमिसळ झालेली आहे. मूल वर्गात येतं ते हा जोर घेऊनच येतं, आणि आपण फळ्यावर ‘बल’ लिहिलं की ते मनातल्या मनात ‘जोर’ वाचतं.

वाद मिटवला तो शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने. सराव पेपरात हा कधी दहाच्या वर जात नसे. तो म्हणाला, ‘बल नसतं तर च्येंडू वरच ऱ्हायला असता की.’ वर्ग गप्प झाला. ‘आणि दोन्हीकडून सारखं ओढत असतं तरी वरच ऱ्हायला असता,’ एका मुलीने पुढे जोडलं. दोन वाक्यांत तीनपैकी दोन पर्याय गळाले, आणि ते मी पुसले नव्हते, त्यांनी पुसले होते. त्या एका प्रश्नाला अख्खा तास गेला. पुढे मार्चमध्ये मी सहज विचारलं तेव्हा हाच चेंडू त्यांच्या लक्षात होता, अक्षर मात्र कोणालाच आठवत नव्हतं.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. अमेरिकेत डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली बलाच्या संकल्पनेवरची एक बहुपर्यायी चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यातले चुकीचे पर्याय जागा भरायला लिहिलेले नव्हते. विद्यार्थी खरोखर जसा चुकीचा विचार करतात तसे ते घेतले होते. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी ती आपल्या वर्गाला दिली, तर अवघड गणितं सफाईने सोडवणारे विद्यार्थी साध्या प्रश्नांवर अडले. एका विद्यार्थिनीने तर विचारलं, की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहायची, की मला एरवी जसं वाटतं तशी? माझूर यांनी मग आपली शिकवण्याची पद्धतच बदलली. एक बहुपर्यायी प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने आपलं उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याला पटवून द्यायचं आणि पुन्हा मत द्यायचं. त्यासाठी महागडं काही लागत नाही. आमच्याकडे मुलं बोटांनी मत देतात, एक बोट म्हणजे अ, चार बोटं म्हणजे ड, आणि हात छातीशी धरायचा म्हणजे शेजाऱ्याला दिसत नाही.

नुसत्या उत्तरसूचीवर चालणारा सराव निरुपयोगी असतो एवढंच असतं तरी मी गप्प बसले असते. पण तो अपायही करतो. हेन्री रोडिगर आणि एलिझाबेथ मार्श या मानसशास्त्रज्ञांनी 2005 साली दाखवून दिलं, की बहुपर्यायी चाचणी दिल्याने आठवण पक्की होते हे खरं, पण ज्याने चुकीचा पर्याय निवडला त्याच्या डोक्यात तो चुकीचा पर्यायही पक्का होतो, आणि नंतर पर्याय न देता विचारलं तर तेच उत्तर तो ज्ञान म्हणून सांगतो. चूक तिथल्या तिथे समजावून दिली तर हा तोटा बराच कमी होतो, असंही पुढच्या कामात दिसलं. आता आमच्या सरावाचा विचार करा. शनिवारी पेपर, सोमवारी उत्तरसूची. मधले दोन दिवस ती चूक मुलाच्या डोक्यात मुरते, आणि सोमवारी त्याला कळतं ते फक्त ‘सतराव्याचं क’. आपण ब का निवडला होता, ते तो केव्हाच विसरलेला असतो.

आणखी एक प्रसंग. प्रत्येक संचात एक प्रश्न हमखास असतो: चुन्याच्या निवळीतून कार्बन डायऑक्साइड सोडल्यास ती कशी होते? दुधाळ, निळी, लाल की रंगहीन? उत्तर दुधाळ. डोळे मिटून गोळा रंगवायचा. गेल्या वर्षी मी ठरवलं की हे करून बघायचं. पानाच्या टपरीवरून खायचा चुना आणला, रात्रभर पाण्यात ठेवला, सकाळी वरचं नितळ पाणी ओतून घेतलं. परीक्षानळ्यांत थोडी थोडी निवळी आणि शहाळ्याच्या गाड्यावरून मागून आणलेल्या स्ट्रॉ. ओढायचं नाही, फुंकायचं, हे चारदा बजावलं. मुलं फुंकायला लागली, निवळी दुधाळ झाली, सगळ्यांनी ओरडून आनंद साजरा केला आणि थांबली. एक मुलगी थांबली नाही. ती फुंकतच राहिली. दम लागला की थांबायची, पुन्हा फुंकायची. तिच्या नळीतली निवळी पातळ असावी. बऱ्याच वेळाने ती रडवेल्या चेहऱ्याने नळी घेऊन आली, ‘मॅडम, माझं चुकलं. परत पांढरं गेलं.’

तिच्या हातात जे होतं ते कुठल्याही सराव संचात नव्हतं. कार्बन डायऑक्साइड निवळीत गेला की आधी कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं. ते पाण्यात विरघळत नाही म्हणून पाणी दुधाळ दिसतं. पण वायू सोडतच राहिलं तर त्याचं कॅल्शियम बायकार्बोनेट होतं, ते विरघळतं आणि पाणी पुन्हा नितळ होतं. मी तिची नळी स्पिरिटच्या दिव्यावर तापवली. पुन्हा पांढरट झाली. बोअरच्या पाण्याने घरातल्या पातेल्यांत जो पांढरा थर बसतो तो हाच, चुनखडीच्या गुहांत छतावरून लोंबणारे लवणस्तंभ याच क्रियेने तयार होतात, हे सगळं त्या दिवशी एका नळीवरून सांगता आलं. आता त्या प्रश्नाकडे परत बघा. ‘रंगहीन’ हा चुकीचा पर्याय होता. ती मुलगी जास्त वेळ फुंकत राहिली आणि तोही खरा करून आली. उत्तरसूचीला तिची दाद लागणार नाही, परीक्षेत तिने दुधाळच निवडायला हवं आणि मी तिला तसं सांगितलंही. पण चुकीचे पर्याय कोणत्या परिस्थितीत बरोबर ठरतील, हा प्रश्न वर्गाला विचारण्याची सवय मला तिने लावली.

बाजारातल्या सराव संचांबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. प्रश्नाचा कस त्याच्या चुकीच्या पर्यायांत असतो. ‘पृथ्वीवर ऋतू कशामुळे होतात?’ या प्रश्नाला ‘चंद्रामुळे’, ‘वाऱ्यामुळे’, ‘समुद्रामुळे’ असे पर्याय दिले तर ज्याला काहीच येत नाही तोही ‘अक्ष कललेला असल्यामुळे’ हे निवडेल. तिथे ‘उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून’ हा पर्याय हवाच, कारण मुलांना मनापासून तसं वाटतं. त्यांच्या पालकांनाही वाटतं. तो पर्याय ठेवला तर पुढे सांगता येतं, की पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, आपण स्वेटर घालून शाळेत येतो तेव्हा. साधारण 14.7 कोटी किलोमीटरवर. आणि जुलैच्या सुरुवातीला ती 15.2 कोटी किलोमीटर लांब असते. हे ऐकल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे येतं त्यासाठी मी शिक्षक झाले. पण असे पर्याय लिहायला लेखकाला मुलांमध्ये बसावं लागतं. पाच हजार प्रश्नांचा संच जूनमध्ये बाजारात आणायचा असेल तर तेवढा वेळ कोणाकडे असणार?

मग युक्त्या विकल्या जातात. सर्वांत लांबलचक पर्याय बरोबर असतो, ‘वरीलपैकी सर्व’ दिसलं की तेच टिक करा, काहीच सुचलं नाही तर क. वेळेचं नियोजन, येत नसलेला प्रश्न सोडून पुढे जाणं, शेवटी एकही गोळा मोकळा न ठेवणं, हे शिकवावंच लागतं आणि दोन तासांत शिकवून होतं. एनएमएमएसला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तेव्हा गोळा मोकळा ठेवणं म्हणजे हातचं सोडणं. पण 35 प्रश्न अंदाजपंचे दाहोदरसे सोडवले तर सरासरी नऊच्या आसपास बरोबर येतात आणि पात्रतेसाठी प्रत्येक पेपरात 40 टक्के लागतात, राखीव गटांना 32. युक्त्यांनी हे अंतर भरून निघत नाही. ते भरतं समजल्याने, आणि जे मूल दोन पर्याय विचार करून खोडू शकतं त्याचा उरलेला अंदाजही निम्म्या वेळा बरोबर येतो. म्हणजे गुणांच्या हिशेबानेसुद्धा चुकीच्या पर्यायांवर घालवलेला वेळ वाया जात नाही.

आता मागणीकडे येते. 2024 च्या नीटमध्ये भौतिकशास्त्राचा एक प्रश्न होता. दोन विधानं होती. पहिलं, अणूत धन आणि ऋण प्रभार समान असतात म्हणून तो विद्युतदृष्ट्या उदासीन असतो. दुसरं, प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात ‘प्रत्येक मूलद्रव्याचे’ असं होतं, नव्यात ‘बहुतेक मूलद्रव्यांचे’ अशी दुरुस्ती झाली होती. परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेने दोन्ही उत्तरांना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, दिल्लीच्या आयआयटीतल्या तीन तज्ज्ञांना विचारलं गेलं, त्यांनी एकच उत्तर बरोबर ठरवलं: दुसरं विधान चूक. फेरनिकालात 720 पैकी 720 मिळवणारे 61 वरून 17 वर आले.

सगळी चर्चा त्या गुणांची झाली. माझं लक्ष दुसरीकडे होतं. दुसरं विधान बरोबर मानणारा पर्याय चार लाखांहून जास्त मुलांनी निवडला होता आणि ते चूक म्हणणारा नऊ लाखांहून जास्त मुलांनी, हे न्यायालयात पुढे आलं. म्हणजे डॉक्टर व्हायला निघालेल्या चार लाखांवर मुलांनी युरेनियम आणि रेडियम यांचा विचार न करता पुस्तकातलं वाक्य ओळखून गोळा रंगवला. किरणोत्सर्ग ही गोष्ट त्यांनी बारावीत शिकलेली आहे. देशभर अणू कसा शिकवला जातो याबद्दल हा एक आकडा बरंच काही सांगतो. आणि तो मिळाला का? खटला झाला म्हणून. बाकीच्या 199 प्रश्नांना कोणी कोर्टात नेलं नाही, त्यामुळे त्यांचे आकडे कुठल्यातरी सर्व्हरवर पडून असतील.

ओएमआर उत्तरपत्रिका यंत्र वाचतं तेव्हा मुलाने कोणता गोळा रंगवला हे त्याला टिपावंच लागतं, त्याशिवाय गुण देताच येणार नाहीत. म्हणजे राज्यातल्या प्रत्येक आठवीतल्या परीक्षार्थ्याने विज्ञानाच्या प्रत्येक प्रश्नाला काय उत्तर दिलं याची नोंद दरवर्षी तयार होते. गुणांची बेरीज झाली की तिचं काम संपतं. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद आधी अंतरिम उत्तरसूची लावते, आक्षेप मागवते, मग अंतिम उत्तरसूची येते. ही पद्धत चांगली आहे, तिच्यामुळे चुकीच्या प्रश्नांवर दाद मागता येते. माझी मागणी तिच्यापुढे एक पाऊल टाकण्याची आहे. अंतिम उत्तरसूचीबरोबर प्रत्येक प्रश्नाला कोणता पर्याय किती टक्के मुलांनी निवडला, त्याचा तक्ता जिल्हावार जाहीर करा. मुलाचं नाव नको, शाळेचं नावही नको. आणि प्रत्येक पर्याय का बरोबर किंवा का चूक हे दोन-दोन ओळींत मराठीत लिहून द्या. प्रश्न काढणाऱ्याला ते माहीतच असतं, नसेल तर त्याने तो प्रश्न काढायला नको होता.

हा तक्ता हातात आला तर माझ्यासारखीला जूनमध्येच कळेल, की आमच्या जिल्ह्यातली मुलं वितळणं आणि विरघळणं यांत गोंधळतात की वस्तुमान आणि वजन यांत. आज मला ते माझ्या वर्गापुरतं, हात वर करायला लावून शोधावं लागतं. शिक्षक प्रशिक्षणात आम्हाला दिवसभर बसवून स्लाइड दाखवतात. त्याऐवजी एक दिवस हा तक्ता समोर ठेवून बसवलं तर आम्ही जेवणाची सुट्टीही विसरू. जिल्ह्याजिल्ह्यांत तुलना होईल, कमी गुणांच्या जिल्ह्यांना नावं ठेवली जातील, ही भीती रास्त आहे. पण निवडयादी जिल्हावारच लागते, तुलना आजही होते, फक्त ती गुणांची होते. कोणत्या गैरसमजामुळे गुण गेले हे कळलं तर निदान करण्यासारखं काही हाती येईल.

सहकारी मला विचारतात, वेळ कुठून आणायचा? एका प्रश्नाला तास दिला तर संच कधी संपणार? खरं आहे, सगळे प्रश्न असे घेता येत नाहीत. मूलद्रव्याची संज्ञा, एककं, कोणत्या जीवनसत्त्वाच्या अभावाने कोणता आजार, हे पाठ करायचं असतं आणि त्याला पटापट सरावच लागतो, तिथे चर्चा करण्यात अर्थ नाही. मी आता तासाला चाळीसऐवजी दहा-बारा प्रश्न घेते. त्यातले दोन निवडून त्यांच्यावर थांबते. बाकीचे मुलं घरी सोडवतात. प्रत्येकाने एक चुकांची वही ठेवायची, आणि तिच्यात बरोबर उत्तर लिहायचं नाही, आपण निवडलेलं चुकीचं उत्तर आणि ‘मला असं का वाटलं’ हे लिहायचं. सुरुवातीला सगळे ‘घाईत चुकलं’ असं लिहितात. महिनाभराने खरं लिहायला लागतात. या पद्धतीने माझ्या शाळेचे निकाल वाढले असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, दरवर्षीचा वर्ग वेगळा असतो. कमी झाले नाहीत, एवढं रजिस्टरवरून दिसतं.

परीक्षाही वेगळ्या असू शकतात, हे आपल्याच राज्यात सिद्ध झालेलं आहे. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या मंडळाने 1981 साली सुरू केलेली डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीच्या मुलांसाठी असते. लेखी परीक्षा पार केली की प्रात्यक्षिक, मग कृती संशोधनाचा प्रकल्प आणि मुलाखत. राष्ट्रीय प्रज्ञाशोधाची सुरुवातही 1963 साली दिल्लीत अवघ्या दहा शिष्यवृत्त्यांनी झाली, तेव्हा मुलांना विज्ञानावर निबंध लिहावा लागे, प्रकल्प अहवाल द्यावा लागे आणि मुलाखतीला बसावं लागे. पुढे ती सगळी गोळ्यांवर आली आणि 2021 पासून तर परीक्षाच थांबली आहे. एनएमएमएसला प्रत्येक मुलाची मुलाखत घ्या असं मी म्हणत नाही, ते शक्य नाही. पण 35 पैकी पाच प्रश्न असे काढा, की जे प्रयोग हाताने केल्याशिवाय सुटणार नाहीत. निवळीत फुंकत राहिलं तर शेवटी काय दिसेल, हा त्यातला एक. असे पाच प्रश्न दोन वर्षं आले तर दिवाळीनंतर प्रयोगशाळांची कुलुपं उघडायला मुख्याध्यापकांना कोणी सांगावं लागणार नाही.

परवाच चुकांच्या वह्या तपासल्या. एका मुलीने आरशाच्या प्रश्नाखाली लिहिलं आहे, ‘मला वाटलं की आरशापासून लांब गेलं की आपण त्याच्यात जास्त दिसतो, कारण आमच्या घरचा आरसा छोटा आहे आणि आई म्हणते मागे सरक म्हणजे पूर्ण दिसशील.’ तिने अ निवडला होता, उत्तर क आहे. उद्या मी घरून भिंतीवरचा आरसा घेऊन जाणार आहे. तिला मागे मागे सरकायला लावीन, आणि दिसण्याची हद्द कुठे थांबते ते खडूने आरशावरच खूण करून वर्गाला बघू देईन.